तपकिरी गोळी कॅमेऱ्यात दिसत नाही

२०२१ हे वर्ष पिंजऱ्यातल्या सॅल्मनला चांगलंच जड गेलं. मार्चमध्ये नेटफ्लिक्सवर अली तब्रिझीची ‘सीस्पिरसी’ आली आणि आठवडाभरात अर्ध्या व्हॉट्सअ‍ॅपने मासे सोडल्याच्या घोषणा केल्या. एप्रिलमध्ये ऑस्ट्रेलियात रिचर्ड फ्लॅनगनचं ‘टॉक्सिक’ आलं. बुकर मिळालेला कादंबरीकार टास्मानियातल्या सॅल्मन उद्योगावर सरळ तुटून पडला होता. त्याच वर्षी नॉर्वेत सीमेन सेत्रे आणि शेटिल ओस्तली या दोन पत्रकारांचं पुस्तक निघालं. ते २०२३ मध्ये ‘द न्यू फिश’ या नावाने इंग्रजीत आलं. एक माहितीपट, एक पॅम्फ्लेट, एक शोधपत्रकारिता. तिघांचा शत्रू एकच.

तिन्हींबद्दल लिहायचं तर आधी एक खुलासा. मुंबईच्या हॉटेलात ‘इंडियन सॅल्मन’ म्हणून जो येतो तो आपला रावस. त्याचा या गोष्टीशी काही संबंध नाही. इथे प्रश्न आहे अटलांटिक सॅल्मनचा: नॉर्वे, स्कॉटलंड, चिली, टास्मानिया इथल्या थंड पाण्यात जाळीच्या पिंजऱ्यात वाढवलेला, आणि हल्ली पुण्या-मुंबईत सुशीच्या भातावर केशरी चकतीसारखा येऊन बसणारा.

माझी तक्रार अशी आहे. या माशाबद्दल जे लिहिलं जातं, दाखवलं जातं, त्यात पिंजरा असतो, उवा असतात, जखमा असतात, मेलेल्या माशांचे ढीग असतात. ते सगळं खरं आहे आणि ते दाखवायलाच हवं. पण गेल्या तीस वर्षांत या माशाच्या आयुष्यात जो सगळ्यात मोठा बदल झाला तो त्याच्या ताटात झाला. आणि ताटाकडे कॅमेरा गेला तरी त्याला काही दिसत नाही. १९९०ची खाद्याची गोळी तपकिरी होती. २०२०ची गोळीही तपकिरीच आहे.

‘सीस्पिरसी’ने यावर जो उपाय शोधला तो चित्रपट म्हणून हुशार आहे, युक्तिवाद म्हणून लंगडा. ती खाद्याऐवजी रंग दाखवते. पिंजऱ्यातल्या सॅल्मनचं मांस मुळात करडं असतं, खाद्यात रंगद्रव्य घालून ते गुलाबी-केशरी केलं जातं, आणि कोणती छटा हवी ते उत्पादक रंगाच्या दुकानात असतं तसल्या कार्डावरून निवडतात. प्रेक्षक ‘शी!’ म्हणतो. ती छटांची पट्टी खरोखर आहे, ‘सॅल्मोफॅन’ नावाची. पण ते रंगद्रव्य अ‍ॅस्टाझँथिन. रानातला सॅल्मनसुद्धा क्रिल आणि कोळंबीसारख्या जिवांतून तेच खाऊन गुलाबी होतो. कारखान्यात बनवलेल्या अ‍ॅस्टाझँथिनमध्ये रेणूच्या डाव्या-उजव्या घडणीचं मिश्रण वेगळं असतं, एवढाच फरक. म्हणजे चित्रपटाने सगळ्यात कमी महत्त्वाची गोष्ट निवडली, कारण तिला रंग होता.

आता बिनरंगाची गोष्ट. नॉर्वेतले संशोधक दर काही वर्षांनी तिथल्या खाद्य कंपन्यांकडून माहिती घेऊन देशभरातल्या सॅल्मन-खाद्याचा ताळेबंद मांडतात. १९९० मध्ये त्या गोळीत सुमारे ९० टक्के भाग समुद्रातून आलेला होता: साधारण ६५ टक्के फिशमील, म्हणजे माशांचं वाळवलेलं पीठ, आणि २४ टक्के माशांचं तेल. २०२० मध्ये समुद्रातून आलेला भाग उरला २२.४ टक्के. वनस्पतींतून आलेली प्रथिनं ४०.५ टक्के, वनस्पती-तेलं २०.१ टक्के, पिष्टमय पदार्थ १२.५ टक्के. एकट्या सोयाबीनच्या प्रथिनाचाच वाटा सुमारे एक-पंचमांश. बाकी गव्हाचं ग्लुटेन, घेवड्याच्या जातीतले फाबा बीन्स, वाटाणा, आणि तेलात मुख्यतः रेपसीड, म्हणजे आपल्या मोहरीच्या कुळातलं.

समुद्रातला हा शिकारी तीस वर्षांत जवळजवळ तीन-चतुर्थांश चातुर्मास पाळायला लागला, आणि आपण मात्र त्याच्यावर अजून ‘दुसऱ्या माशांना खाऊन जगणारा’ म्हणूनच चित्रपट काढतो आहोत.

चित्रपट म्हणतो की एक किलो सॅल्मन वाढवायला एक किलोपेक्षा जास्त रानमासे लागतात, म्हणजे मत्स्यशेती ही वेषांतर केलेली मासेमारीच आहे. उद्योग म्हणतो, छे, आता आम्ही जेवढा मासा वापरतो त्याहून जास्त देतो. दोघांपैकी खोटं कोण बोलतंय? मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो, आणि आमच्या धंद्यात रोज कोणीतरी एखादा आकडा दाखवून मीटिंग जिंकत असतं. त्यामुळे हा हिशेब स्वतः करून बघितला. शाळेतल्या गणिताएवढा आहे.

एक किलो सॅल्मनला १.२ किलो खाद्य लागतं असं धरू, हा सर्रास वापरला जाणारा आकडा आहे. गोळी २०२०ची घेऊ: १२.१ टक्के फिशमील, १०.३ टक्के तेल. रानमाशापासून वजनाच्या साधारण २२.५ टक्के पीठ निघतं आणि ५ टक्क्यांच्या आसपास तेल, हेही नेहमीचेच आकडे. आता फक्त पीठ मोजलं तर एक किलो सॅल्मनमागे रानमासे लागतात ०.६५ किलो. फक्त तेल मोजलं तर लागतात २.५ किलो. आणि ‘एकाच माशातून पीठही निघतं, तेलही निघतं, मग दोन्ही एकत्र मोजा’ म्हणून बेरजेला बेरजेने भागलं तर उत्तर येतं ०.९८.

पोतं एकच. उत्तरं तीन. उद्योगाला ‘एकपेक्षा कमी’ हवं असेल तर ते आहे. दिग्दर्शकाला ‘दुपटीपेक्षा जास्त’ हवं असेल तर तेही आहे. मासे कापल्यावर उरलेल्या डोकी-काट्यांपासून बनलेलं पीठ-तेल हिशेबातून वगळलं (आणि वगळायला कारण आहे, ते मासे त्यासाठी पकडलेले नसतात) तर तिन्ही आकडे आणखी खाली येतात. माहितीपटाने यातला एक आकडा निवडावा याला माझी हरकत नाही. निवडला आहे हे प्रेक्षकाला कळू नये, याला आहे. नव्वद मिनिटांच्या चित्रपटात ही आकडेमोड दाखवायला दोन मिनिटं पुरली असती. आणि खरं सांगायचं तर ती रंगपट्टीपेक्षा जास्त धक्कादायक ठरली असती.

हा बदल झाला कसा? कोणाला माशांची दया आली म्हणून नाही. इंजिनिअरिंगला लिनियर प्रोग्रॅमिंग नावाचा प्रकार शिकवतात. अटी लिहायच्या, खर्चाचं समीकरण लिहायचं, आणि अटी न मोडता खर्च कमीत कमी कुठे होतो ते शोधायचं. परीक्षेत ते नेहमी टेबल आणि खुर्च्या बनवणाऱ्या कारखान्याचं उदाहरण असतं. प्रत्यक्षात त्याचा एक जुना आणि मोठा वापर जनावरांच्या खाद्यात होतो. लायसीन इतकं हवं, मेथिओनीन इतकं, फॉस्फरस इतका, ओमेगा-३ किमान इतकं, बाकी बाजारभाव घाला. पेरूच्या किनाऱ्यावरची अँचोव्ही हा जगातल्या फिशमीलचा सगळ्यात मोठा स्रोत. २०२३ मध्ये पेरू सरकारने तिथला वर्षातला पहिला मुख्य हंगामच रद्द केला, आणि माशांच्या तेलाचे भाव आकाशाला भिडले. अशा वेळी खाद्य-कंपनीत कोणाची सदसद्विवेकबुद्धी जागी होण्याची वाट बघत नाहीत. संगणकाला नवा भाव देतात, तो नवी गोळी देतो.

समीक्षक म्हणून मला इथे थांबावंसं वाटतं, कारण या तिन्ही कृतींना खलनायक लागतो आणि या खोलीत खलनायक नाही. आहे ती अटींची एक यादी. यादीत जे लिहिलंय ते पाळलं जातं, जे लिहिलेलं नाही ते गोळीच्या दृष्टीने अस्तित्वातच नसतं. माशाला सोयाबीन आवडतं का, ही अट नव्हती.

आणि सोयाबीन त्याला मानवलं नाही. साधी सोयापेंड खाऊ घातल्यावर अटलांटिक सॅल्मनच्या आतड्याच्या शेवटच्या भागाला सूज येते, हे नव्वदच्या दशकातच नॉर्वेतल्या संशोधकांनी नोंदवलं. मुख्य संशयित निघाले सॅपोनिन, सोयाबीनमधले साबणासारखे फेसाळणारे रेणू. उपाय म्हणजे पेंड अल्कोहोलने धुवायची. सॅपोनिन आणि न पचणाऱ्या साखरा वाहून जातात, उरतं ते सोया प्रोटीन कॉन्सन्ट्रेट. आज सॅल्मन खातो ते हे धुतलेलं सोयाबीन.

पण धुण्याने फायटेट जात नाही. वनस्पती आपल्या बियांमध्ये फॉस्फरस साठवतात तो बहुतांशी फायटेटच्या रूपात, एका कड्याला सहा फॉस्फेट बांधलेले. कोंबाला उद्या लागेल म्हणून बीने ठेवलेली ही पुरचुंडी. ती सोडायची किल्ली म्हणजे फायटेज हे एन्झाइम, आणि ते सॅल्मनकडे जवळपास नाहीच. म्हणजे पोटात फॉस्फरस भरपूर, पण बंद डब्यात. वर फायटेट जाता जाता जस्तासारखी खनिजंही बांधून नेतं. फिशमीलमध्ये माशांचे काटे दळलेले असायचे, त्यामुळे हा प्रश्नच आला नव्हता. काटे गेले आणि पाठीच्या कण्याची काळजी सुरू झाली: फॉस्फरस कमी पडला की हाडं नीट भरत नाहीत, मणके बिघडतात. मग खाणीतून काढलेल्या फॉस्फेटचं मीठ वरून घालायचं. आणि न पचलेला फॉस्फरस विष्ठेतून बाहेर. सॅल्मनचं बालपण गोड्या पाण्यात जातं, आणि तिथे जादा फॉस्फरस म्हणजे शेवाळाला आमंत्रण.

आपल्याकडे हा प्रश्न कोणी न सांगता शेकडो वर्षांपूर्वी सोडवून ठेवलाय. मटकी रात्रभर भिजवून फडक्यात बांधून ठेवतात तेव्हा मोड येता येता बी स्वतःचं फायटेज कामाला लावते आणि पुरचुंडी आतून सुटायला लागते. इडलीचं पीठ आंबवण्यातही हेच काहीसं होतं. खाद्य कारखाना तेच काम बुरशी किंवा जिवाणूकडून काढलेल्या फायटेजने करू बघतो. असं पहिलं व्यापारी फायटेज १९९१ मध्ये नेदरलँड्समध्ये बाजारात आलं. ते डुकरं-कोंबड्यांसाठी होतं, कारण त्यांच्या शेणातल्या फॉस्फरसने तिथल्या सरकारच्या डोक्याला ताप झाला होता.

डुकरात चाललं ते माशात का चालत नाही, यात मला या सगळ्या विषयातली सर्वांत सुंदर अडचण दिसते. डुकराचं अंग गरम. बहुतेक फायटेजांना ५० अंशांच्या आसपास खरी तरतरी येते. सॅल्मनच्या आतड्याचं तापमान म्हणजे बाहेरच्या समुद्राचं तापमान, आठ-दहा-बारा अंश. तिथे एन्झाइम पेंगुळतं. बरं, गोळीतच आधी घालून ठेवावं तर गोळी बनते ती वाफेच्या दाबाखाली, शंभर अंशांच्या वर, आणि त्या उष्णतेत बरंचसं एन्झाइम मरतं. म्हणजे कारखान्यात फार गरम, माशात फार थंड. मग दोन वाटा उरतात. एक, गोळी तयार होऊन निवल्यावर तेलाबरोबर एन्झाइमचा थर द्यायचा आणि थंड पोटात जमेल तेवढं होऊ द्यायचं. दुसरी, सोयाबीनच आधी कोमट पाण्यात एन्झाइमबरोबर मुरवायचं, मग वाळवून गोळीत घालायचं. म्हणजे मटकीच, पण टनांत. दुसरीचा परिणाम चांगला येतो, पण पाणी तापवायला आणि मग तेच पाणी उडवायला ऊर्जा लागते, आणि तिचा भाव पुन्हा त्याच समीकरणात जाऊन बसतो. पेशीभित्तिका फोडणारी झायलनेज, प्रथिनं तोडणारी प्रोटिएज यांचीही अशीच कथा. विक्रीची पत्रकं वाचली तर सगळं सुटलेलं असतं. प्रयोगांचे निकाल वाचले तर ‘या खाद्यात, या तापमानाला, एवढ्या मात्रेत’ अशी शेपटं प्रत्येक वाक्याला असतात.

हे सगळं मी इतक्या तपशिलात सांगतोय कारण ‘अनैसर्गिक’ हा शब्द तिन्ही कृतींच्या मुळाशी आहे, आणि तो शब्द या प्रसंगात काहीच समजावून सांगत नाही. मोड आलेली मटकी नैसर्गिक आणि फायटेज शिंपडलेली गोळी अनैसर्गिक, असं म्हणायला रेणूंचा आधार नाही.

‘टॉक्सिक’ या तिघांत मला सर्वांत प्रामाणिक वाटतं, कारण फ्लॅनगन एका जागी उभा राहून बोलतो. ब्रूनी बेटावरचं त्याचं छोटं घर, समोरची खाडी, रात्रभर येणारा यंत्रांचा आवाज, किनाऱ्यावर वाढत गेलेलं शेवाळ. हे त्याने वर्षानुवर्षं पाहिलंय आणि ते वाक्यांत जाणवतं. ‘सीस्पिरसी’चा निवेदक दर दहा मिनिटांनी नव्या देशात उतरतो आणि प्रत्येक ठिकाणी तितक्याच आश्चर्याने डोळे विस्फारतो. फ्लॅनगनला आश्चर्य वाटत नाही, त्याला राग येतो. तो खाद्याचा विषय टाळतही नाही. ऑस्ट्रेलियात खाद्यामध्ये कत्तलखान्यातले अवशेष वापरतात, कोंबडीची पिसं-आतडी वगैरे, आणि फ्लॅनगन ती यादी अशी वाचून दाखवतो की जेवण बाजूला सारावं.

पण ती किळस वाचकाला कुठे नेते? कोंबडीची पिसं हा मुद्दाम पकडलेला मासा नाही, जंगल तोडून लावलेलं सोयाबीनही नाही. नाहीतर पुरून टाकावं लागलं असतं असं प्रथिन आहे. ग्राहकाला हे सांगितलं जात नाही हा फ्लॅनगनचा आरोप मला पूर्ण पटतो. ते खाद्य म्हणून वाईट आहे हा जो सूर त्यातून उमटतो, तो पटत नाही. युरोपीय संघाने डुक्कर-कोंबडीच्या अवशेषांचं पीठ माशांना घालायला २०१३ पासून परवानगी दिली आहे, तरी नॉर्वेचा उद्योग ते टाळत आला, कारण गिऱ्हाईक नाक मुरडेल. म्हणजे नाक मुरडण्याची अट यादीत गेली, आणि रिकाम्या जागेत सोयाबीन आलं. किळस फुकट नसते, तिची किंमत हेक्टरमध्ये मोजता येते.

‘द न्यू फिश’बद्दल थोडक्यात. त्याचं मुख्य बळ आहे ते गैरसोयीचे निष्कर्ष काढणाऱ्या शास्त्रज्ञांचं पुढे काय होतं, या प्रकरणांत. आणि शीर्षकात. हा मासा रानातल्या सॅल्मनची बंदिस्त आवृत्ती नाही. नॉर्वेच्या नद्यांमधून निवडून, पिढ्यान्‌पिढ्या लवकर वाढणारा म्हणून पैदास केलेला हा नवा प्राणी आहे, असं लेखक म्हणतात. मला त्यात एवढंच जोडावंसं वाटतं की त्याला नवा केला तो पैदाशीइतकाच खाद्यानेही.

ते मांसातही दिसतं. स्टर्लिंग विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की २००६ ते २०१५ या काळात स्कॉटलंडच्या पिंजऱ्यातल्या सॅल्मनमधलं ईपीए आणि डीएचए, म्हणजे ज्यासाठी डॉक्टर मासा खायला सांगतात ती ओमेगा-३ मेदाम्लं, निम्म्यावर आली. कारण उघड आहे: ही मेदाम्लं समुद्रातल्या शेवाळात बनतात, रेपसीडमध्ये नाही. जे २००६ मध्ये एका तुकड्यात मिळायचं त्याला आता दोन तुकडे लागतात. (तरीही बहुतेक इतर पर्यायांपेक्षा सॅल्मन वरच आहे, हेही त्याच अभ्यासात आहे.) रानमासे वाचवले आणि ज्याच्यासाठी मासा खायचा तेच पातळ झालं. या व्यवहाराला लबाडी म्हणणं सोपं आहे, पण दुसरी बाजू ओढली की तेलासाठी पुन्हा समुद्रावर ताण येतो. २०१९ पासून अमेरिकेत नेब्रास्कातल्या कारखान्यात शेवाळापासून हे तेल बनवायला लागले आहेत, ते या कात्रीतून सुटण्यासाठीच.

आणि जमिनीचं काय? सॅल्मनचं सोयाबीन मुख्यतः ब्राझीलचं. तिथला सेराडो हा गवताळ-झुडपी प्रदेश, त्याचं मूळचं आच्छादन जवळपास निम्मं गेलेलं आहे, आणि सोयाबीन हे त्याचं एक मोठं कारण. २०२१च्या सुरुवातीला सॅल्मन-खाद्याला सोया प्रोटीन पुरवणाऱ्या तीन ब्राझिलियन कंपन्यांनी, ऑगस्ट २०२० नंतर जंगल किंवा गवताळ रान मोडलेल्या जमिनीवरचं सोयाबीन आपल्या व्यवहारातच येऊ देणार नाही असं कबूल केलं. यादीत एक अट वाढली. ती वाढली ती युरोपातल्या गिऱ्हाइकांच्या आणि पर्यावरण संस्थांच्या दबावाने. म्हणजे दबाव कामाचा असतो, पण तो नेमक्या ओळीवर टाकावा लागतो. ‘मासा खाऊच नका’ ही काही अट नव्हे, त्यावर समीकरण हलत नाही. ‘सीस्पिरसी’चा शेवट तिथेच जाऊन थांबतो, आणि थाळी बदलून सोयाबीनचं टोफू घेणाऱ्या प्रेक्षकाला हे कधी कळत नाही की सॅल्मनही आता तेच खातोय.

त्याच चित्रपटाचा एक भाग पश्चिम आफ्रिकेच्या समुद्रात घडतो. परदेशी जहाजं मासे ओरबाडून नेतात, होडीवाले उपाशी राहतात. दुसरा भाग स्कॉटलंडच्या सॅल्मन-पिंजऱ्यांवर. दोन्ही भाग मन लावून केलेले आहेत, आणि दोघांच्या मध्ये जी दोरी आहे ती कोणी ओढत नाही. सेनेगल, गांबिया, मॉरिटानियाच्या किनाऱ्यावर सार्डिनेला मिळतो, आपल्या तारलीचा सख्खा चुलतभाऊ. तो विकत घेऊन, भाजून-धुरावून, आतल्या गावांपर्यंत पोचवणं हा तिथल्या बायकांचा पिढीजात धंदा. आता बंदरावर होडी लागली की त्यांच्या शेजारी फिशमील कारखान्याचा माणूस बोली लावायला उभा असतो. त्याला मासा ताजा लागत नाही, अख्खा लागत नाही, फक्त भरपूर लागतो. त्यातलं तेल युरोपात जातं आणि सॅल्मनच्या गोळीतल्या त्या उरलेल्या १०.३ टक्क्यांसाठीही वापरलं जातं. गोळीतला समुद्र ९० टक्क्यांवरून २२ वर आला, पण त्याच काळात नॉर्वेतले पिंजरे कितीतरी पटींनी वाढले. २०२० मध्ये एकट्या नॉर्वेने जवळपास २० लाख टन सॅल्मन-खाद्य वापरलं. त्याचे १०.३ टक्के म्हणजे दोन लाख टनांच्या वर तेल.

त्याच २०२०च्या ताळेबंदात किडे, शेवाळ, जिवाणूंची प्रथिनं अशा नव्या घटकांचीही नोंद आहे. हे घटक उद्योगाच्या जाहिरातींत हिरव्या नळकांड्यांसकट पानभर दिसतात. गोळीत त्यांचा वाटा होता ०.४ टक्के.